बदकिणीचे कामचलाऊ शब्द

“रुमाल घेतलास का? आणि पाणी?”

हातातलं फडकं झटकत, दारापर्यंत येत विचारलेला हा प्रश्न. आवाज जरा बसका, कायम घाईत असलेला. ती शाळेत जात होती तोवर रोज सकाळी हा आवाज तिच्या पाठीवर पडायचा आणि ती मागे न बघताच “हो गं काकू” म्हणून जिना उतरायची.

आई गेल्यावर काही वर्षांनी बाबांनी लग्न केलं, ती ही काकू. पहिल्याच जेवणाला पोरीने ताट पुढे ढकललं आणि सांगून टाकलं, “ही माझी आई नाही.” बाबांचा घास हातातच राहिला. नवी बाई मात्र म्हणाली, “नाहीच मुळी. काकू म्हण मला. अजून वाढू का थोडं?”

तेव्हापासून ती काकूच राहिली. पोर मोठी झाली, गाणी लिहू लागली, तिचं नाव झालं.

आता तिच्याकडे गाणी लिहायला आलं होतं एका जुन्या कार्टून सिनेमावर बेतलेलं संगीत नाटक. एक बदकीण अस्वलाचं अनाथ पिल्लू वाढवते. पिल्लू वाढत वाढत एवढं धिप्पाड होतं, की बदकिणीला त्याच्या पंजाखाली निजावं लागतं. आणि एक दिवस ते डोंगराकडे निघून जातं. सिनेमात त्या वेळी बदकीण चकार शब्द बोलत नाही. पडदाभर तिचा डोळा दिसतो आणि त्या डोळ्यात लहान लहान होत जाणारं अस्वल.

“पडद्यावर डोळा हत्तीएवढा असतो,” दिग्दर्शक म्हणाला, “आणि आपल्याकडे वाटाण्याएवढा. शेवटच्या रांगेतल्या पोराला काय दिसणार, कपाळ? त्याला ऐकू आलं पाहिजे. गाणं हवं.”

तिने लिहिलं. क्षितिज आलं, पंख आले, पोरकं आभाळ आलं. दिग्दर्शकाने वाचलं, डोकं खाजवलं. “सुंदर आहे गं. पण ही बदकीण नाही, हे कविसंमेलन आहे.” पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. आणि निर्मात्या बाई तर टपूनच बसल्या होत्या. शुक्रवारी तालमीला येईन, गाणं उभं राहिलं नाही तर निरोपाचा प्रवेश काढून तिथे बेडकांचा नाच टाकीन, असं त्यांनी बजावलं होतं. तिने नाटक घेतलं होतं ते त्या एका प्रवेशासाठी. तोच गेला तर मग राहिलं काय? बेडूक!

चाल मात्र तयार होती, आणि चाल बसवायला शब्द लागतात. अशा वेळी गीतकार काहीबाही लिहून देतात. भाजीची नावं, शेजाऱ्यांच्या तक्रारी, तोंडाला येईल ते. खरे शब्द आले की हे कामचलाऊ शब्द कचऱ्यात. तिनेही रिक्षात बसल्या बसल्या तोंडाला आलं ते खरडलं आणि पाठवून दिलं. वर ‘कामचलाऊ’ असं लिहायचं तेवढं राहून गेलं.

बदकिणीचं काम करणारी नटी तापातून उठून आली होती. तिने तेच शब्द खरे समजून पाठ केले आणि शुक्रवारी, जमिनीवर निळ्या चिकटपट्टीने आखलेल्या तळ्याकाठी उभी राहून, गायला लागली.

*रुमाल घेतलास ना रे, पाणी भरून घेतलंस ना,*
*वारा सुटलाय बाहेर, कान नीट झाकलेस ना,*
*उशीर झाला तर होऊ दे, पळत मात्र येऊ नको…*

आणि शेवटच्या ओळीला, शब्दच नव्हते म्हणून, नुसतंच “ला ला ला ला”.

गाणं लिहिणारी भिंतीला टेकून उभी होती; तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अस्वलाला रुमाल विचारल्यावर सगळे हसले. मग हसू विरलं. गाणं संपलं. अस्वलाच्या कातड्यातून मागच्या पायांचं काम करणाऱ्याने डोकं बाहेर काढलं, नाक लालेलाल.

“मागचे पाय रडायला लागले तर पुढच्यांनी चालायचं कसं?” पुढच्या पायांनी विचारलं. तेही नाक ओढत होते.

निर्मात्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “बेडूक नकोत.”

“शेवटची ओळ तेवढी लिहून आण,” दिग्दर्शक तिला म्हणाला.

“अहो, पण हे शब्द माझे नाहीत.”

“मग कुणाचे? आईचे?” नटीने विचारलं.

तिला ‘हो’ म्हणता येईना, आणि ‘नाही’ तर मुळीच म्हणवेना.

दुपारी ती घरी गेली. काकू गच्चीतून वाळलेले कपडे घेऊन आली होती. सगळं ऐकून काकूने कपाळाला हात लावला.

“माझं बोलणं बदकिणीच्या तोंडी घातलंस? चालणं तरी घातलं नाहीस ना माझं?”

“ते नटीने स्वतःहून घातलंय.”

“शहाणी आहेस. धर हे टोक.”

दोघींनी चादरीची टोकं धरली, ताणली, झटकली.

“काकू, शेवटची ओळ अडलीय. पळत येऊ नको म्हटल्यावर तू पुढे काय म्हणायचीस?”

“काय म्हणणार? दार लावायचे. दूध असायचं ना गॅसवर.”

“लगेच लावायचीस?”

काकूने चादरीची घडी घातली. घडीसाठी दोघी एक पाऊल जवळ आल्या.

“लगेच नाही. तू जिन्याच्या वळणावर दिसेनाशी होईस्तोवर थांबायचे.”

“आणि मग?”

“मग म्हणायचे काहीतरी. तुला ऐकू जाणार नाही, अशा बेताने.”

“काय म्हणायचीस?”

“जाऊ दे गं. तुला तेव्हा चाललं नसतं ते. आणि नंतर… नंतर तोंडालाच सवय राहिली नाही.” काकूने आणखी एक घडी घातली. “तुझ्या गाण्यात नाही बसायचं.”

“गाणं गेलं खड्ड्यात. मला सांग.”

चादर आता एवढीशी झाली होती आणि तिच्याखाली दोघींचे हात एकमेकींना लागले होते. काकूने वर पाहिलं नाही. चादरीवर नसलेली सुरकुती ती अंगठ्याने सारखी करत राहिली, आणि मग त्याच बसक्या आवाजात, यावेळी मुळीच घाई न करता, म्हणाली,

“लवकर ये गं, माझ्या लेकी.”