वर आलेली लाली

उलायुकने पाण्यात वरवर फिरवलेली बारीक जाळी नावेत ओढली आणि टाळीच वाजवली. जाळीच्या तळाशी तांबडे किडे नुसते बुजबुजले होते.

"बघ बाबा! म्हणे तळं मरतंय! सांग आता तुझ्या त्या कॉलेजवाल्यांना."

बाबा म्हणजे तिची नात, कॉलेजातून तळ्याची मोजणी करायला आलेली कांगुक. उलायुकचे वडील गेले त्याच हिवाळ्यात ही जन्मली, म्हणून त्यांचंच नाव हिला लागलं; इथं उत्तरेच्या बर्फात नावासोबत माणूसही परत येतो म्हणतात. अख्ख्या वस्तीला जिभेच्या धाकात ठेवणारी म्हातारी या एकटीपुढे नमायची, आणि नात आजीला 'मुली' म्हणायची.

गेल्या वर्षी काठाची बारमाही गोठलेली माती वितळून दरड तळ्यात कोसळली, तेव्हापासून पाणी चहासारखं गढूळ. हे किडे खाऊनच इथला मासा लाल व्हायचा. किडे गेले की मासा गेला, आणि मासा गेला की उलायुकचा इथला तंबूही उठला.

कांगुक हसली नाही.

"मुली, उन्हाळ्यात हे असे वर कधी पाहिलेस?"

"उन्हाळ्यात? सूर्य मेला मावळत नाही. उजेडात वर यायला ते काय तुझ्या मामासारखे खुळे आहेत? खालीच बसतात, अंधारात, गार..."

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं.

कांगुकने दुसरी जाळी तळ्याच्या तळापर्यंत सोडली. वर आला तो काळा गाळ, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. त्यात तांबडं काहीच नव्हतं.

"खाली पाण्यात श्वासापुरती हवाही उरलेली नाही," ती म्हणाली. "म्हणून वर आलेत."

उलायुक पाण्याकडे बघत राहिली. समुद्र अचानक गोठला की पांढरे देवमासे श्वासासाठी असेच बर्फातल्या एका भोकाशी दाटतात. लहानपणी एकदा तिनेही ते बघून टाळ्या पिटल्या होत्या. वडिलांनी तिचे हात धरले होते.

"बाबा," तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला, "काहीतरी कर ना."

कांगुकने तिचे ओले हात हातात घेतले.

"मला फक्त मोजता येतं, मुली."

म्हातारीने पहिली जाळी हळूच पाण्यात उलटी केली. मग वल्हं उचललं. नावेभोवती सगळीकडे लाली तरंगत होती. वल्हं तिने तसंच मांडीवर आडवं ठेवलं.

"घरी जायचं ना?" कांगुकने विचारलं.

"जाऊ," उलायुक म्हणाली. "जरा बाजूला होऊ दे त्यांना."