ताजुन्निसाच्या फोनवरचा ओटीपी

भोसरीतलं मीरासाहेबांचं वर्कशॉप म्हणजे दोन मशिनं, चार माणसं आणि मालकाची फुशारकी. खंडेनवमीच्या साफसफाईत त्यांनी नवा लॅपटॉप आणला आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. मशिनचे सगळे प्रोग्राम आता क्लाउडवर होते. क्लाउडवर म्हणजे नेमके कुठे, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर बोट छताच्या पत्र्याकडे जाई.

त्याच तोऱ्यात घरीही तोंड सुटलं. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून बायकोशी वाजलं आणि हे बोलून बसले, "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. माझं सगळं वर आहे!" ताजुन्निसाने पिशवी भरली आणि दिघीला भावाकडे निघून गेली. आठवडा झाला तरी फोन नाही. आपणहून करायचा तर मिशीचा प्रश्न होता.

आज चाकणच्या कंपनीचे रंगराव समोर उभे होते. पहिला पार्ट त्यांच्या डोळ्यांदेखत काढून दाखवला तर वर्षभराचं काम, नाहीतर रामराम. मशिन चालवणाऱ्या करिष्माने लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला आणि थांबली.

"चाचा, ओटीपी मागतंय. या नव्या लॅपटॉपवर क्लाउडचं खातं पहिल्यांदाच उघडतेय ना."

"मग दे की त्याला."

"तो चाचींच्या फोनवर येतो."

मीरासाहेबांचा हात मिशीवर गेला. त्यांचे फोन सारखे मशिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत बुडून मरत, म्हणून खातं उघडताना त्यांनीच बायकोचा नंबर दिला होता.

"तू लाव," ते पुटपुटले.

करिष्माने लावला, ऐकलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "स्पीकरवर बोला म्हणतायत."

"काय अडलंय?" ताजुन्निसाचा आवाज वर्कशॉपभर घुमला.

"थोडंसं... तो ओटीपी..."

"सगळं वर आहे ना? मग वरूनच मागा."

रंगराव पत्र्याकडे बघत हसू दाबू लागले. मीरासाहेबांनी डोळे मिटून घेतले. "ताजू, चुकलं माझं. तुझ्यावाचूनच अडलंय."

"आणि मीठ?"

"मीठ बरोबर होतं."

तेव्हा कुठे तिने आकडे वाचले. करिष्माने टाकले आणि कपाळाला हात लावला. "चाची, याची मुदत संपली."

"माफी मागायला किती वेळ लावला त्यांनी! दुसरा मागव, बाळा. मला घाई नाही."

दुसरा चालला. प्रोग्राम उतरला, पार्ट निघाला, रंगरावांनी मापं घेतली आणि हात पुढे केला. काम मिळालं.

ते गेल्यावर करिष्मा म्हणाली, "चाचा, खात्यात आता तुमचा नंबर टाकू? परत अशी पंचाईत नको."

मीरासाहेब स्कूटरची किल्ली शोधत होते. आठवडाभर एकट्याने चहा पिताना घर खायला उठायचं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नको. माझा फोन टाकीत पडतो," ते म्हणाले. "तिचाच राहू दे."

आणि त्यांनी दिघीच्या दिशेने स्कूटर काढली.