उतरतंय

त्या दिवशी माकणीच्या शिवारात पावसाचा थेंब नव्हता. एकसष्ट सालचा भाद्रपद, स्वच्छ ऊन. तरी सकाळी तेरणा दोन्ही काठ भरून वाहत होती. वरच्या मुलखात कुठेतरी रात्रभर पाऊस झाला होता आणि त्याचं पाणी आता इथे पोचलं होतं.

गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा तेरणेला मिळतो. एरवी त्यात घोटाभर पाणी असतं. नदी चढली, की ती ओढ्याचं तोंड दाबून धरते आणि आपलंच पाणी त्याच्या पोटात ढकलते. ओढा उलटा, मागे मागे भरत जातो. गावात याला फुग म्हणतात. फुगेचं पाणी खोल असतं, पण ते वाहत नाही. फेस आणि काडीकचरा एका जागी उभा राहतो.

लोक जिथून ओढा ओलांडत तिथेच, ऐन पात्रात, पाहणी खात्याने दोन वर्षांपूर्वी एक लोखंडी खांब रोवला होता. त्यावर फुटांचे आकडे रंगवलेले होते. मोजणी नदीच्या खोल पात्रापासून धरलेली असल्याने इथे तळाशीच तीनचा आकडा होता. पुढेमागे या भागात धरण बांधायचं तर पाणी किती येतं हे कळायला हवं, असं साहेबलोकांनी सांगितलं होतं. आकडे वाचायचं काम गावातल्या व्यंकटला मिळालं होतं. रोज ठरल्या वेळी वाचायचं, पूर असला तर तासातासाला. सहा फुटांवर ओव्हरसिअरने तांबडी रेघ मारून घेतली होती. पाणी रेघेच्या वर असेपर्यंत कोणी ओढ्यात पाय घालायचा नाही, एवढा एकच नियम होता.

व्यंकट आकडा टिपून घेई आणि मग दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ओरडून सांगे, "चढतंय!" किंवा "उतरतंय!" हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण पलीकडे गाडी घेऊन खोळंबलेल्या माणसाला तेवढंच हवं असे, आणि आपल्या शब्दावर माणसं बैल जुंपतात हे व्यंकटला आवडत असे.

त्या सकाळी पलीकडे बानूबाई होती. नदी आणि ओढा यांच्या बेचक्यात गावातल्या कल्याणप्पाचं रान होतं. खतासाठी त्याने धुळाप्पा धनगराची मेंढरं तिथे बसवली होती. धुळाप्पा पहाटेच पीठ दळायला गावात आला होता. तो परत निघेपर्यंत मध्ये पाणी उभं राहिलं. रानाच्या मागची पाणंदही भरली होती. बायको, मेंढरं आणि डालग्याखाली झाकलेली नवी कोकरं पलीकडे, आणि हा पिठाचं गठुडं घेऊन अलीकडे.

"धुळाप्पा, बायकू तिकडं, पीठ इकडं," कोतवाल बसप्पा म्हणाला. "भाकरी कोन थापनार? आमचा पट्टेवाला?"

"पट्टेवाला नाही, पट्टीवाला," व्यंकट म्हणाला.

"तेच की. त्येला कमरंला पट्टा आसतोय, तुला पान्यात पट्टी."

धुळाप्पा हसला नाही. तो खांबाकडे बघत होता. "काय म्हनतीया काठी?"

"नऊच्या वर आहे. तासाभरात फार चढलं नाही."

"पानी तर निजल्यालं दिसतंय." धुळाप्पाने पळसाचं एक पान तोडून टाकलं. पान पाण्यावर पडलं, जरासं आतल्या बाजूला, म्हणजे नदीपासून उलटं सरकलं आणि थांबलं. "वढ न्हाय. म्होरला एडका घातला पान्यात तर मागनं सारी येतील. आत्ताच काढावी म्हनतो."

व्यंकटने विचार केला. पाणी खरंच निजलेलं होतं. पण नदी आणखी चढली तर काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, बसप्पाला नव्हतं आणि धुळाप्पालाही नव्हतं. वरच्या गावांतून निरोप यायची काही सोय नव्हती. माहीत असलेली गोष्ट एकच होती, तांबडी रेघ.

"रेघेच्या खाली येऊ द्या मामा," तो म्हणाला. "तीन फूट खाली. ढग नाहीत. दुपारपर्यंत येईल."

"रानात पानी शिरलं तर?"

"शिरलं तर बघू. मधल्या टेकाडावर जागा आहे."

धुळाप्पा काठाच्या टोकाशी गेला. मग त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पलीकडे हाळी दिली, "बाने! थांब तितंच! म्या सांगतो तवा उतर!"

पलीकडून बानूबाईने काठी वर केली. तिला ऐकू गेलं होतं. ती मेंढरं घेऊन काठाशी उभी राहिली. तांबड्या लुगड्याचा पदर तिने कमरेला खोचला होता. एडक्याच्या गळ्यातलं घुंगरू मधूनमधून वाजत होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. ऊन वर आलं. बसप्पा बाभळीखाली आडवा झाला. धुळाप्पा पिठाच्या गठुड्यावर बसून राहिला. नदीचा आवाज मात्र वाढत होता, की नुसतं ऐकून ऐकून तसं वाटत होतं, हे सांगणं अवघड होतं.

दुपार कलता कलता व्यंकट पुन्हा पाण्याच्या कडेला गेला. खांबावर ओला पट्टा उघडा पडला होता. आकडा नऊच्या खाली होता. पूर वळला होता. तेवढ्याने त्याला इतकं हायसं वाटलं, की तो नेहमीसारखा, नेहमीपेक्षाही जोरात, ओरडला.

"उतरतंय!"

त्याला म्हणायचं होतं, पाणी उतरतंय, आता धीर धरा. धुळाप्पाला तेच कळलं. बसप्पाला झोपेतही तेच कळलं. पण पाण्यावरून जाताना शब्दाची शेपटी नदीच्या आवाजात बुडाली. पलीकडे पोचलं ते एवढंच: उतर.

बानूबाई सकाळपासून त्याच एका शब्दासाठी उभी होती.

तिने एडक्याचं शिंग धरलं आणि पाण्यात पाय घातला.

धुळाप्पा उठून उभा राहिला. "ही काय करतीया?"

व्यंकटने पाण्याकडे पाहिलं, आणि तेव्हा त्याला दिसलं, की फेस हलतोय. सकाळपासून उभा असलेला काडीकचरा नदीच्या दिशेला निघाला होता. आधी सावकाश, मग सावकाश नाही. नदी खाली बसली, की ओढ्यात कोंबलेलं आपलं पाणी परत मागते. चढताना निजलेलं पाणी उतरताना ओढ घेतं. हे गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण खांबावर फक्त उंची होती. पाणी कुठल्या बाजूला चाललंय हे खांब सांगत नव्हता, आणि दोन वर्षांत माणसं पाण्याऐवजी खांबाकडे बघायला शिकली होती.

"थांबा! बानूबाई, मागं फिरा!" व्यंकट ओरडला.

"बाने! मागं! मागं!" धुळाप्पा ओरडत होता. दोन आवाज एकात एक मिसळले. पलीकडच्या माणसाला तो नुसता गलका ऐकू आला असेल. घाई कर म्हणतायत असंही वाटलं असेल.

मेंढरं एडक्यामागे पाण्यात शिरली होती. मेंढराला पोहता येतं. पण ओढ लागली की त्याचं तोंड फिरतं, आणि एकाचं फिरलं की सगळ्यांचं. अलीकडच्या काठाकडे वळलेली डोकी पात्राच्या मधोमध एकेक करून नदीकडे वळली. लोकरीचा एक लांब पांढरा-काळा पट्टा ओढ्याच्या तोंडातून तेरणेत गेला. बानूबाईच्या हातातून शिंग सुटलं. ती पाण्याखाली गेली, वर आली, आणि खांबावर आदळली. तिने त्याला मिठी मारली.

एडक्याचं घुंगरू वळणापर्यंत ऐकू आलं.

त्यानंतर करण्यासारखं फार थोडं होतं आणि ते सगळं करून झालं. बसप्पाने कमरेला कासरा बांधून उडी घेतली. पाण्याने त्याला खाली नेऊन काठावर फेकलं. तिघांनी मोटेचा सोल, तो जाड लांब दोर, आणून तीनदा फेकला. दोनदा तो पोचला नाही. तिसऱ्यांदा तिच्या हाताशी पोचला, पण धरायचा तर एक हात सोडावा लागला असता. तिने सोडला नाही. धुळाप्पा दोनदा पाण्यात धावला आणि दोनदा त्याला धरून ठेवावं लागलं. मग गावातली माणसं येऊन काठावर उभी राहिली, आणि तीही नुसती उभी राहिली.

व्यंकट खांबाकडे बघत होता. दुसरीकडे बघणं शक्य नव्हतं. तिच्या हाताखाली आठचा आकडा उघडा पडला. बऱ्याच वेळाने सात दिसला. तो आपोआप वाचत होता. पाणी किती वेगाने खाली जातंय हे त्या काठावर त्याच्याइतकं नेमकं कोणालाच कळत नव्हतं, आणि ते एका बोटानेही लवकर खाली जाणार नव्हतं.

"किती झालं रं?" धुळाप्पाने विचारलं.

"सात."

"अजून किती?"



तांबडी रेघ उघडी पडली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तरीही ओढ संपली नव्हती. पाणी कमरेइतकं झाल्यावर माणसांनी हाताला हात धरून साखळी केली आणि बानूबाईला सोडवून आणलं. तिचे हात खांबाच्या आकारात तसेच राहिले होते. खांबाचा पांढरा रंग तिच्या गालाला लागला होता.

तिला घोंगडीत गुंडाळून बाभळीखाली बसवलं. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"किती ऱ्हायली?"

काठाला लागलेली पाच-सहा मेंढरं बसप्पा हाकत आणत होता. ती तिने पाहिली.

"अवं, तुमीच म्हनलाव न्हवं, उतर," ती धुळाप्पाला म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"म्या न्हाय म्हनलं, बाने."

"म्या ऐकलं की. चांगलं मोट्यानं म्हनलाव. उतर."

धुळाप्पाने व्यंकटकडे पाहिलं. मग बसप्पाने पाहिलं. मग सगळ्यांनी.

"मी... उतरतंय म्हणालो," व्यंकट म्हणाला. "पाणी. पाणी उतरतंय, असं."

हे शब्द त्याने बरोबर तेच, त्याच क्रमाने सांगितले. त्यांत काही चूक नव्हती.

बानूबाईने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. "व्हय," ती म्हणाली. "मग उतरले की मी."

ओढा पुन्हा ओढ्यासारखा वाहू लागला होता. बेचक्यातल्या रानातून, डालग्याखालून, कोकरांचं ओरडणं येऊ लागलं. त्यांची दूध प्यायची वेळ झाली होती. धुळाप्पा उठला, पिठाचं गठुडं तिथेच ठेवून पाण्यात उतरला आणि पलीकडे चालू लागला. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत होतं.

अर्ध्या वाटेत त्याने मागे वळून व्यंकटकडे पाहिलं, सवयीने, पाणी चढतंय की उतरतंय हे विचारण्यासाठी. व्यंकटने तोंड उघडलं. मग नुसती मान डोलावली.