बुटांसकट

“नको नको, बूट काढू नका. बुटांसकटच चालायचंय,” मुरलीधर इंग्रजीत म्हणाला, तशी लेस सोडायला वाकलेली आयरिश म्हातारी ओशाळून उभी राहिली.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीवर कपडे अंथरले होते, एकमेकांना शिवून. सगळे मेलेल्या माणसांचे. हाइके मोल्टाउ नावाच्या जर्मन बाईंनी ते डब्लिनच्या चॅरिटी शॉपांतून गोळा केले होते, आणि लोकांनी चिखलाच्या बुटांनी त्यांच्या चिंध्या होईपर्यंत त्यांवरून चालावं, ही त्यांची कला होती. पेपरवाले बाईंवर तुटून पडले होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी गर्दी छान होती.

मुरलीधरला कलेतलं काही कळत नव्हतं आणि कळतं असा आवही तो आणत नसे. क्लोनडॉकिनमधली सॉफ्टवेअरची नोकरी गेली, पन्नाशी उलटलेल्याला दुसरी कोणी देईना, तेव्हा गळ्यात ओळखपत्र अडकवून तो गॅलरीत राखणीला उभा राहिला. सकाळभर तो बाहेरच्या दारावर होता, जेवणानंतर त्याला आत पाठवलं. नियम दोनच. कोणी बूट काढायचे नाहीत आणि डाग कोणी पुसायचे नाहीत.

म्हातारी जपून चालत पलीकडे गेली, आणि ती गेली तिथे खिडकीखाली त्याला हिरवी इरकल दिसली.

इरकल काय, कोणाचीही असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग वाकून पाहिलं. पदराजवळ निळ्या चौकड्यांचं ठिगळ होतं, काळ्या दोऱ्याने वेडंवाकडं शिवलेलं. ते टाके त्याचेच होते. पुण्याच्या घरी तान्ह्या लेकीची, गुंजनची, झोळी याच साडीची बांधत. एकदा आकड्यात अडकून ती फाटली. बायको, इरावती, तापाने पडलेली, म्हणून त्यानेच आपल्या जुन्या शर्टाचा तुकडा लावून शिवली. “अहो, साडीला शर्ट घातलात!” म्हणून ती किती दिवस हसत होती. पण ठिगळ तिने कधी उसवलं नाही.

इरावती ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातून परत आली नाही, त्याला वर्ष होत आलं. साड्यांना हात लावणं त्याच्याच्याने होईना. “दे आर जस्ट लायिंग इन द प्रेस, बाबा,” गुंजन म्हणाली. कपाटाला ती इथल्यासारखं प्रेसच म्हणायची. घड्यासुद्धा न मोडता तिने त्या रडत रडत बॅगांत भरल्या आणि चॅरिटीच्या दुकानात देऊन आली. कोणीतरी नेसेल, एवढ्यावर दोघांनी मनाची समजूत घातली होती.

मोल्टाउबाई शेजारच्या खोलीतच होत्या. “माझ्या बायकोची साडी आहे ती,” मुरलीधर कसाबसा म्हणाला. “तेवढी उसवून द्या. तिथे दुसरं कापड मी स्वतः शिवून देतो.”

बाईंचे डोळे चमकले. “साडी देता येणार नाही. पण ही हकीकत भिंतीवर आलीच पाहिजे! तिचं नाव, तुमचा फोटो. दुकानात कोणी दिली? मुलाने? मुलीने?”

गुंजनचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

“चुकलो मी,” तो म्हणाला. “नीट बघितलं नव्हतं. ही तिची नाही.”

बाईंचा चेहरा उतरला. मुरलीधर जागेवर येऊन उभा राहिला. स्वतःच्या तोंडाने बायकोला नाकारून आलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात दोन जोडपी आली. बुटांसकट चला, म्हणून त्याने त्यांनाही सांगितलं.

गॅलरी बंद व्हायच्या वेळी स्वोर्ड्सच्या ऑफिसातून गुंजन त्याला न्यायला आली. बाहेर पाऊस होता.

“यू ग्रँड, बाबा? बरं आहे ना? दिसताय दमलेले.” खाली कपडे बघून ती बूट काढायला वाकली.

तिला कपड्यांवर पाय टाकण्याआधीच अडवता आलं असतं. पण अडवलं असतं तर तिने कारण विचारलं असतं, आणि ते ऐकून पोर जन्मभर जळत राहिली असती.

“नको काढूस, बाळा. इथे बुटांसकटच चालायचं.”

“शुअर?”

ती इकडे तिकडे बघत खिडकीपर्यंत गेली. इरकलीवर पाय पडला आणि ती थबकली. दिवसभराच्या चिखलाने हिरवा रंग ओळखू येण्याजोगा राहिला नव्हता, तरी मुरलीधर श्वास रोखून उभा राहिला. गुंजन झटकन वाकली, कापडाला बोटं लावून कपाळाला लावली आणि लाजून हसली.

“सॉरी, हॅबिट. आई वुड किल मी.”

“हो,” तो म्हणाला. “तू गाडी काढ. मी आलोच.”

ती गेल्यावर तो खिडकीखाली उकिडवा बसला. ठिगळावर तिच्या बुटाचा ओला ठसा होता. त्याने रुमाल काढला, बराच वेळ हातात धरला आणि पुन्हा खिशात ठेवला.

मग त्याने आपले बूट काढून हातात घेतले, मोजेही काढले आणि अनवाणी, इरकलीला वळसा घालून, दिवे मालवायला गेला.