काळे रबर

हिवाळ्यात शेनयांगच्या क्रीडाप्रबोधिनीत सूर्य पूर्वेच्या उंच खिडक्यांतून येई, आणि तोही घाई न करता. रात्रभरात काचांवर गोठलेले हिम आधी करडे दिसे, मग दुधी, आणि मग त्याच्या एखाद्या कडेला फिकट केशरी रेघ उमटे. पहिला उजेड छताच्या लोखंडी तुळयांवर पडे. तेथून तो भिंतीवरच्या लाल कापडी फलकावर, त्याच्या विटलेल्या अक्षरांवर उतरे आणि बऱ्याच वेळाने, खालचा अदमास घेत घेत, पहिल्या टेबलाच्या निळ्या कडेला टेके. आदल्या संध्याकाळी गोळा करायचे राहून गेलेले काही पांढरे चेंडू कोपऱ्यात पडलेले असत. उजेड त्यांच्यापर्यंत पोचला की त्यांच्या सावल्या त्यांच्याहून मोठ्या दिसत. फंग जिंगयानला ही वेळ आवडे. या वेळी त्याला कोणाची नक्कल करावी लागत नसे.

एरवी दिवसभर तेच त्याचे काम होते. प्रांताच्या टेबल टेनिस संघाची सारी भिस्त थांग रुईवर होती. थांग रुईचा पुढचा सामना ज्याच्याशी असेल, त्याच्यासारखे जिंगयानने खेळायचे. त्याच्या बॅटला असेल तेच रबर आपल्या बॅटला लावायचे, त्याच्यासारखी सर्व्हिस करायची, त्याच्यासारखे खांदे पाडून उभे राहायचे. प्रशिक्षक कुआन सर त्या खेळाडूच्या चित्रफिती दाखवत आणि कपाटातून रबर काढून देत. गेली दोन वर्षे ते बहुधा लांब दाण्यांचेच, पृष्ठभागावर रबराच्या बारीक खुंट्या उभ्या असलेले असे, कारण थांग रुई ज्यांना वचकून असे ते सारे बचावपटू होते, टेबलापासून दूर सरून चेंडू कापून परत करणारे. त्या मऊ, लांब दाण्यांवर आदळलेली फिरकी उलटी होऊन परत जाई आणि मारणाऱ्याचाच पुढचा फटका जाळीत अडके. रोज सकाळी थांग रुई टेबलाशी येऊन एकच प्रश्न विचारी, "आज तू कोण?" जिंगयान त्या परक्या खेळाडूचे नाव सांगे. सगळे हसत. तोही हसे.

त्याची स्वतःची बॅट खोलीतल्या कप्प्यात टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती. तिच्या एका अंगाला लाल रबर होते आणि दुसऱ्या अंगाला चिकट काळे. टेबलाजवळ उभे राहून हल्ला करणाऱ्याचे. रविवारी दुपारी तो काळ्या रबरावरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा हलकेच सोलून काढी, रबरावर श्वास सोडी, तळहाताने पुसून घेई आणि पापुद्रा पुन्हा बसवी. आपला खरा खेळ त्या पापुद्र्याखाली जपून ठेवलेला आहे, अशी त्याची समजूत होती. ती त्याने कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. बोलून दाखवण्याइतका तो कोणाच्या जवळचा नव्हता.

आणि आता संघात एक जागा रिकामी झाली होती. कुआन सरांनी आदल्या दिवशी त्याला जेवणघरात गाठले. प्रत्येक उमेदवाराची पारख एकाच सामन्यावरून होणार होती आणि सामना थांग रुईशीच होता. जिंकलेच पाहिजे असे नव्हते. निवड करणाऱ्यांना खेळ दिसायला हवा होता. संघाला बचावपटूची गरज आहे, हेही सरांनी सांगून टाकले.

"लांब दाणेच लाव," ते म्हणाले. "या प्रांतात तुझ्यासारखा कापणारा दुसरा पोरगा नाही."

जिंगयानने हातातला वाफवलेला पाव ताटलीत ठेवला. "तो माझा खेळ नाही, सर. तुम्ही सांगता म्हणून मी तो खेळतो."

"मग तुझा कुठला?"

"काळ्या रबराचा."

सरांनी सूपावर फुंकर घातली. "रबर खेळाकडे बघून निवडायचं असतं पोरा, हट्टाकडे बघून नाही. पण बॅट तुझी आहे. ही घे कपाटाची किल्ली. हवं ते काढ."

त्याने काळे काढले, कोरे. जुन्याचा चिकटपणा एवढे जपूनही ओसरला होता, हे त्याला ठाऊक होते.

सामन्याच्या सकाळी, पहिल्या टेबलापाशी उजेड पोचेपर्यंत, त्याने जुने रबर उचकटून लाकडावर स्पंजने डिंकाचा थर दिला. पांढरा डिंक वाळून पारदर्शक होईतो तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मग त्याने रबर कडेपासून अलगद टेकवले, त्यावरून काचेची बाटली फिरवली आणि बाहेर आलेला भाग कात्रीने एका दमात कापला. चेंडूवर रबर दाबून त्याने बॅट उचलली. चेंडू तिला थेंबासारखा क्षणभर लटकून राहिला आणि मग सुटला. त्याला फार दिवसांनी स्वतःविषयी बरे वाटले.

थांग रुई आला. खुर्च्यांवर निवड करणारे बसले होते, त्यांच्या कडेला कुआन सर.

"आज तू कोण?"

"मीच."

थांग रुईने मागे उभ्या पोरांकडे पाहिले. "हा कुठल्या प्रांतातून खेळतो रे?"

पोरे हसली. जिंगयान हसला नाही.

सुरुवात चांगली झाली. काळ्या रबराने चेंडू धरून फिरवला की तो पलीकडे पडताच खाली बसे. थांग रुई दोनदा चुकला, आणि जिंगयानच्या छातीत काहीतरी उघडले. मग थांग रुईने वेग वाढवला. वेग वाढताच जिंगयानचे पाय मागे सरले. त्याने सांगितले नव्हते. ते आपणहून सरले. बॅकहँडवर आलेला चेंडू त्याच्या मनगटाने वरून खाली कापला, दोन वर्षे कापत आले होते तसाच. पण तिथे आता दाणे नव्हते, लाल गुळगुळीत रबर होते. फिरकी उलटी झाली नाही. चेंडू उंच उडाला आणि थांग रुईपुढे ताटात वाढल्यासारखा येऊन थांबला. पुढच्या खेपेलाही तेच झाले. पुढे ये, असे तो मनात ओरडत होता आणि पाय मागेच जात होते. कुआन सर आपल्या बुटांकडे पाहू लागले. सामना लवकर संपला.

थांग रुईने मान पुसत टॉवेल गळ्यात टाकला. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता.

"राग मानू नकोस, पण लांब दाणे लावलेस की तू मला रडवतोस. काळ्याने तू पहिल्यासारखाच आहेस."

"पहिल्यासारखा म्हणजे?"

"इथं आलास तेव्हासारखा. लेका, तेव्हा मी तुला ताप असतानाही हरवायचो. विसरलास?"

जागा दुपारी दुसऱ्याच एका बचावपटूला मिळाली. कुआन सरांनी लांब दाण्यांची बॅट पहिल्या टेबलावर आणून ठेवली आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत जेवणानंतर पाहू, असे सांगून ते गेले.

जिंगयान टेबलाच्या कडेला टेकून उभा राहिला. सरांनी आपला हात बिघडवला, त्या दाण्यांनी आपला खेळ खाल्ला, असे तो स्वतःला सांगू लागला. हे वाक्य त्याने कधीपासून तयार ठेवले होते. ते शेवटापर्यंत जाईना. त्याने काळ्या रबरावर श्वास सोडला, तळहाताने पुसले आणि पापुद्रा बसवला. कडेला हवेचा एक बुडबुडा राहिला होता. तो अंगठ्याने दाबत असताना त्याने दुसरेच एक मान्य केले. लांब दाण्यांनी त्याने थांग रुईला कितीतरी वेळा हरवले होते. काळ्या रबराने, इथे आल्यापासून, एकदाही नाही.