वाटीभर पीठ

"नत्थुआबा मेले, तं दोन दिवस कोनालेच कसं नाही समजलं?"

गेल्या रविवारी प्राजक्तानं भर पंगतीत हा प्रश्न विचारला. नववीतली पोरगी. "तुह्यात दम असंन तं सगळ्याईसमोर विचार," असं तुबा आणि आचल या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. तिनं विचारलं आणि वाढणाऱ्यांचे हात थांबले. वरणाची पळी माझ्याच पोटात होती, म्हणून मला ते लगेच कळलं.

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना गंज आहे. पुण्याकडे गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो. आमच्या वऱ्हाडात गंज म्हणजे स्वयंपाकाचं भांडं, आणि मी तर एवढा मोठा की माझ्यात दोन पोरं लपून बसायची. एकदा बसलीही होती. मार त्यांनी खाल्ला, पोचा मला पडला.

अकोल्याच्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. तिथून मी टाकळझिऱ्याला आलो आणि साऱ्या गावाचा झालो. उस्मानचाचा दरवर्षी मला कल्हई करायचे. मग मी आतून असा चमकायचो की पोरी माझ्यात पाहून वेण्या सारख्या करायच्या.

पीक घरात आलं की गावाचे रोडगे असत. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे आणि माझ्यात वांग्याची भाजी रटरटायची. नियम एकच होता. प्रत्येक घरानं वाटीभर पीठ द्यायचं. संत्र्याच्या वाडीचा मालक असो की मजूर, उस्मानचाचांचं घर असो की खुशालराव सरपंचांचं, वाटी तेवढीच. पार्वताबाई परात घेऊन बसायच्या. एकशे बारा घरं त्यांना तोंडपाठ. एखादी वाटी आली नाही की त्या म्हणायच्या, "डोमाजीकडचं नाही आलं अजून. जाय वं, पाहून ये, पडला-बिडला तं नाही." निरोप येईपर्यंत चूल पेटत नसे.

मग धरण झालं आणि टाकळझिरा पाण्याखाली गेलं. चांदूर बाजारच्या रस्त्याला नवी वसाहत आखली गेली. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. एक भाऊ या टोकाला, दुसरा त्या टोकाला. भिंतीला भिंत लागून कोण राहतं, हे तीन वर्षं झाली तरी कित्येकांना ठाऊक नाही. मी समाजमंदिरामागे पालथा पडलो होतो. माझ्यावर कुत्री झोपायची.

यंदा अमरावतीच्या काही तरुणांनी ठरवलं, दर रविवारी सगळ्यांना एकत्र जेवू घालायचं. म्हणजे तुटलेलं गाव जुळेल. पोरं मनानं फार चांगली. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, सगळं टेम्पोत घालून आणलं. उस्मानचाचांनी मला पुन्हा कल्हई केली. प्राजक्ता तर सगळ्यांच्या पुढे. भोंगा घेऊन गल्लोगल्ली सांगत सुटली, "काही आनू नका वो, फक्त या." मलाही ते फार छान वाटलं होतं. मित्रांनो, मीही चुकलो.

पहिल्या रविवारी चाळीसेक घरं आली. बाकीच्यांनी दारं लोटून घेतली. "फुकटचं खाले आमी काय भिकारी हाओ?" गंगूबाई दारातूनच म्हणाल्या. एकटे राहणारे म्हातारे नत्थुआबाही आले नाहीत, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. इकडे मी वरण उकळत होतो आणि दोन गल्ल्यांपलीकडे ते घरात जमिनीवर पडले होते. तेव्हा श्वास चालू होता की नव्हता, आता कोण सांगणार? मंगळवारी वास आला, तेव्हा दार तोडलं.

पुढच्या रविवारी प्राजक्तानं तो प्रश्न विचारला. पार्वताबाई बोलल्या.

"पीठ मांगतलं असतं, तं समजलं असतं."

"म्हणजे काय, आजी?"

"नत्थ्याची वाटी कदी चुकली नाही, माय. नसती आली तं म्या धाडलं असतं कोनाले तरी."

"भोंगा मीच फिरवला होता," प्राजक्ता म्हणाली. भात ताटात तसाच निवला.

मित्रांनो, मला घासा, पुसा, वर्षातून एकदा कल्हई करा, एवढी विनंती मी करणारच. पण त्याहून मोठी विनंती ही की, कोणाला जेवायला बोलवाल तर त्याच्याकडून वाटीभर काही मागून घ्या. मागायला दारात जावं लागतं. दारात गेलं की आतलं माणूस कसं आहे ते दिसतं.

पंगत उठली. प्राजक्ता मला राखेनं घासत बसली. तिला न्यायला आई-बाबा आले.

"झालं ना तुह्यं समाजकार्य?" बाबा म्हणाले. "चाल आता, परीक्षा हाय."

"परीक्षा देईन, बाबा. पन येत्या रविवारी टेम्पोतून पीठ येनार नाही. शनिवारी शाळा सुटली की मी घरोघर वाटी मागाले जाऊन राहिली."

"दारोदार?" आई म्हणाली. "लोक म्हनतीन, पोरीले भिकेले लावलं."

"म्हनू दे. आन ज्याचं दार उघडलं नाही, तिथं मी थांबीन, आई. सगळ्याईले जेवाले उशीर झाला तरी चालंन."