आर्डिसबाईंची मरून गाडी

मित्रांनो, मी मिशिगनच्या कारखान्यात जन्मलेली एक जुनी मरून मोटार आहे. वय विचारलंत तर लपवणार नाही, कारण मी अजून पहिल्या फटक्यात सुरू होते.

उत्तर मिनेसोटातल्या एका लहान गावात ऑर्लिन टॉलेफसन आणि त्याची बायको आर्डिस यांनी मला आणलं. हिवाळ्यात इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गंज चढवून आमचं पोट पोखरतं. ऑर्लिन दर रविवारी माझं पोट धुवायचा. शेजारी म्हणायचे, "ऑर्लिन, बायकोलाही इतकं जपतोस का रे?" मला तेव्हा फार मिरवावंसं वाटे.

पुढे ऑर्लिनची नजर अधू झाली आणि स्टिअरिंग आर्डिसकडे आलं. ती आठवड्यातून तीनदा मैत्रीण लव्होनला डायलिसिससाठी शेजारच्या शहरात नेते. आमच्या गावात बस नाही.

गेल्या वर्षी ऑर्लिन वारला. पाठोपाठ माझ्या विम्याचा हप्ता एकदम चढला. आर्डिसने विमा एजंट रँडीला अंगणातच गाठलं.

"काकू, ज्येष्ठांनी ड्रायव्हिंगचा वर्ग केला की विम्यात सवलत मिळते, ती ऑर्लिनकाकांच्या नावावर होती. वर्गाला ते बसले होते."

"बसला होता? घोरत होता! सगळं ऐकलं मी, चर्चच्या स्वयंपाकघरातून."

"पण तुमचं नाव कुठाय?"

नाव कुठेच नव्हतं. चर्चच्या तळघरात तो वर्ग भरे तेव्हा कॉफी आर्डिसनेच करायची, हा जणू नियम होता. आमच्या गावातल्या बायका दुसऱ्यांना वाढून झाल्याशिवाय खुर्चीवर टेकत नाहीत. तिलाही कधी टेकावंसं वाटलं नव्हतं.

मिनियापोलिसहून मुलगा ड्वेनचा फोन आला. आर्डिस गाडीतच होती, तो माझ्या स्पीकरवर वाजला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, एवढा हप्ता भरण्यापेक्षा गाडी विकून टाक."

"आणि लव्होनला कोण नेणार? तू येतोस? मंगळवार, गुरुवार, शनिवार. ये की!"

आर्डिसने त्याच आठवड्यात वर्गात नाव घातलं. वर्ग झाल्यावर लव्होनला डायलिसिसहून परत आणताना ती खदखदून हसत सांगत होती, "सगळ्या विचारायला लागल्या, कॉफी कोण करणार? म्हटलं, आज तुमची तुम्ही करा!" मग जरा ओशाळून म्हणाली, "पण आपण स्टिअरिंगवर हात धरतो ना घड्याळातल्या दहा-दोनसारखे, ते चूक. नऊ-तीनसारखे धरायचे. एअरबॅग उघडली तर हात मोडतील." त्या दिवसापासून तिचे हात खाली आले. वर्गाची सवलत मिळाली. शिवाय मी वर्षाकाठी कमी धावते, म्हणून रँडीने आणखी थोडी सूट काढून दिली. हप्ता पूर्वीइतका उतरला नाही, पण तिच्या पेन्शनमध्ये बसला.

ड्वेनचं समाधान झालं नाही. नाताळात तो किल्ली मागायलाच आला.

"सवलत ठीक आहे, आई. पण तुझं वय?"

"बस शेजारी," आर्डिस म्हणाली.

लव्होनला घेऊन आम्ही निघालो. भुरभुर बर्फ पडत होता. ड्वेन फोनमध्ये डोकं घालून बसला होता. एका वळणाआधीच आर्डिसने माझा वेग हळूहळू उतरवला. वळणापलीकडे रस्त्यात एक हरीण उभं होतं. मी जराही न घसरता थांबले. हरणाने आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश झाडीत गेलं.

"तुला दिसलं होतं?" ड्वेनने विचारलं.

"कडेच्या बर्फात खुरं उमटली होती. फोनमध्ये दिसत नाहीत ती."

लव्होन मागून म्हणाली, "काय रे ड्वेन, गाडी विकायला आलास म्हणे?"

"नाही मावशी," तो हळूच म्हणाला. "हिचे बर्फात चालायचे टायर झिजलेत. नवे घालून देतो."

मित्रांनो, इतकी वर्षं धावले, पण त्या दिवशीइतकी ताठ कधी चालले नसेन. तुमच्याही घरी कुणी वयस्कर माणूस गाडी चालवत असेल. त्याच्या हातून किल्ली काढून घ्यायच्या आधी, एकदा त्याच्या शेजारच्या सीटवर बसा आणि डोळे रस्त्यावर ठेवा.